खुर्चीतून नेम धरणारी नेरोली



न्यूझीलंड आणि खेळ म्हटलं की आपल्या लोकांच्या डोळ्यांसमोर काळ्या जर्सीतला रग्बी संघ येतो, नाहीतर केन विल्यमसन. जुन्या पिढीला रिचर्ड हॅडली आठवतात. हॅडली ज्या ख्राइस्टचर्च शहराचे, त्याच शहरात आणखी एक खेळाडू होऊन गेली. तिचं नाव आपल्याकडे फारसं कोणी घेत नाही. नेरोली फेअरहॉल. ऑलिम्पिकच्या इतिहासात कमरेखाली पूर्ण अधू असलेली, व्हीलचेअरवर बसून स्पर्धेत उतरलेली ती पहिली खेळाडू. मी पॅरालिम्पिक म्हणत नाहीये, तुम्ही-आम्ही रात्री जागून टीव्हीवर बघतो ते ऑलिम्पिक म्हणतोय.

इथे लोक पंतप्रधानांनाही पहिल्या नावाने हाक मारतात, त्यामुळे मीही तिला नेरोलीच म्हणणार आहे आणि अगंतुगं करणार आहे. त्यात अनादर नाही.

नेरोलीचा जन्म २६ ऑगस्ट १९४४ चा, ख्राइस्टचर्चमधलाच. हे साल जरा लक्षात ठेवा. त्याच वर्षी फेब्रुवारीत इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल हॉस्पिटलमध्ये लुडविग गुटमन नावाच्या डॉक्टरांनी मणक्याच्या जखमींसाठी एक वेगळा विभाग सुरू केला. गुटमन ज्यू होते, नाझींच्या तावडीतून निसटून १९३९ मध्ये इंग्लंडला आलेले. त्या काळी पाठीच्या कण्याला मार बसून पाय गेलेला माणूस बहुधा वर्ष-दोन वर्षांत दगावायचा. जीव त्या दुखापतीने जायचा नाही. एकाच कुशीवर पडून राहिल्यामुळे होणाऱ्या बेडसोरने आणि लघवीच्या इन्फेक्शनने जायचा. म्हणजे औषध सापडलं नव्हतं असं नाही, अशा माणसावर कोणी कष्ट घ्यायला तयार नव्हतं. गुटमन यांनी रुग्णांना दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची शिस्त लावली, रात्रीसुद्धा. आणि माणसं जगायला लागली.

आता जगली तर करायचं काय? गुटमन यांनी त्यांच्या हातात धनुष्यबाण दिले. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिम्पिकचं उद्घाटन होत होतं त्याच दिवशी, हॉस्पिटलच्या हिरवळीवर १६ जखमी सैनिकांची, त्यात दोन महिला, तिरंदाजीची स्पर्धा झाली. आजचं पॅरालिम्पिक तिथून सुरू झालं. पहिला खेळ तिरंदाजीच का? दंड, खांदा, पाठ आणि नजर यांवर चालणारा हा खेळ. बसलेला माणूस उभ्या माणसाशी बरोबरीने खेळू शकेल असे खेळ मुळात थोडेच, त्यातला हा एक. ही गोष्ट नेरोलीने पुढे अनेक देशांसमोर दाखवून दिली, पण तिथे येऊच.

नेरोली विशीत असताना तिला मोटारसायकलचा अपघात झाला आणि कमरेखालचं शरीर कायमचं गेलं.

एवढंच लिहून मी पुढे जातोय, कारण आपल्याकडे अशा गोष्टीत याच वाक्यावर सगळ्यात जास्त वेळ घालवतात. आई-वडिलांचं काय झालं असेल, लग्नाचं काय, बिचारी. बिचारी हा शब्द तर आपल्या तोंडात इतका तयार असतो की समोरच्या माणसाचं नाव विचारायच्या आत तो बाहेर पडतो. मराठी घरांत व्हीलचेअर दोनच ठिकाणची माहीत आहे: हॉस्पिटलची आणि विमानतळाची. दुसरी तर आपल्या अगदी लाडाची! मुंबईहून ऑकलंडला येणारे निम्मे आई-बाबा ती मागवतात, कारण सिंगापूरला टर्मिनल बदलायचं असतं आणि इंग्रजीची धास्ती असते. तिथे कोणाला लाज वाटत नाही. पण तीच खुर्ची घरात कायमची आली, की घरातला आवाज खाली जातो, पाहुणे खुर्चीतल्या माणसाला सोडून खुर्ची ढकलणाऱ्याला विचारतात, आता कसं आहे यांचं?

नेरोलीच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. तिचा अपघात झाला तेव्हा इथे एसीसी नव्हती. न्यूझीलंडमध्ये राहणाऱ्यांना एसीसी सांगायला नको, पण देशातल्या वाचकांसाठी सांगतो. ही सरकारी अपघात भरपाई योजना. १९७२ मध्ये कायदा झाला, १ एप्रिल १९७४ पासून लागू झाला. अपघात कोणाच्या चुकीने झाला हे न विचारता उपचार, घरातले बदल, व्हीलचेअर, बुडालेल्या पगाराचा मोठा भाग, हे सगळं त्यातून मिळतं. तुमचे आई-बाबा इथे फिरायला आले आणि पाय घसरून हाड मोडलं, तर त्यांच्या इथल्या उपचारांनाही ती लागू होते, हे लक्षात असू द्या (आजारपणाला मात्र नाही, त्यामुळे प्रवास विमा घ्याच). नेरोलीने व्हीलचेअरवरून पहिली मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळली ती १९७२ मध्ये. म्हणजे ती नव्याने उभी राहिली (हा शब्दप्रयोगही बघा कसा सवयीने येतो!) ती या योजनेच्या आधी. सार्वजनिक इमारतींत अपंगांना येण्याजाण्याची सोय हवी असं सांगणारा कायदाही इथे १९७५ चा. तेव्हा आज आपण ज्या न्यूझीलंडचं कौतुक करतो, ते तिच्या वाट्याला सुरुवातीला आलंच नव्हतं.

१९७२ ची ती स्पर्धा होती जर्मनीतल्या हायडेलबर्गची. खरं तर ती म्युनिकलाच व्हायची, ऑलिम्पिकच्याच गावात. पण तिथली घरं खेळ संपल्यावर लगेच खासगी फ्लॅट म्हणून तयार करायची होती, म्हणून व्हीलचेअरवाल्यांची रवानगी हायडेलबर्गला झाली. आणि मंडळी, याच हायडेलबर्गमध्ये आपला एक माणूस होता! सांगली जिल्ह्यातल्या पेठचे मुरलीकांत पेटकर. 'चंदू चॅम्पियन' आल्यापासून त्यांचं नाव सगळ्यांना ठाऊक झालं आहे. सैन्यातला हा बॉक्सर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जखमी झाला, उपचारासाठी पाण्यात उतरला आणि हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये ३७.३३ सेकंदांत विश्वविक्रमासह सुवर्णपदक जिंकला. भारताचं ते पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्ण. पेटकरांचा जन्मही १९४४ चाच. पेठ आणि ख्राइस्टचर्च, दोन्हीकडे एकाच वर्षी जन्मलेली दोन माणसं, आठ वर्षांपूर्वी सुरू झालेल्या... नाही, तेव्हा अठ्ठावीस वर्षांच्या झालेल्या गुटमन यांच्या कल्पनेमुळे एका गावात खेळत होती. पेटकरांना पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं. शेहेचाळीस वर्षं! यावर वेगळं भाष्य नको.

नेरोली सुरुवातीला मैदानी खेळांतही उतरत असे, पण पुढे तिचा खेळ ठरला तो तिरंदाजी. १९८० मध्ये तिने पॅरालिम्पिकचं सुवर्णपदक जिंकलं. ती स्पर्धा हॉलंडमधल्या आर्नहेमला झाली, कारण ऑलिम्पिक भरवणाऱ्या सोव्हिएत रशियाने अपंगांची स्पर्धा घ्यायला नकार दिला होता. म्युनिकनंतर मॉस्को. यजमान बदलले तरी दार तसंच.

आता इथे थोडं तांत्रिक बोलतो, इंजिनिअर माणूस आहे, सवय जात नाही. त्या काळी महिलांची मोठी स्पर्धा अशी असे: ७०, ६०, ५० आणि ३० मीटर, प्रत्येक अंतरावरून ३६ बाण. झाले १४४. आणि हे सगळं दोनदा, म्हणजे २८८ बाण. प्रत्येकाला जास्तीत जास्त १० गुण, एकूण २८८०. सत्तर मीटरवरचं लक्ष्य १२२ सेंटिमीटर व्यासाचं, आणि त्यातलं दहा गुणांचं वर्तुळ फक्त १२.२ सेंटिमीटरचं. आपल्या वाटी-ताटातली मोठी वाटी समजा, आणि ती जवळपास पाऊण फुटबॉल मैदानाच्या पलीकडे ठेवली आहे. धनुष्याची ओढ पंधरा किलो धरली, तर २८८ वेळा ओढताना एकूण चार हजार किलोंच्या वर भार त्या तीन बोटांनी आणि पाठीने ओढला जातो. सरावाचे बाण वेगळेच.

उभा तिरंदाज हे वजन पायांवर तोलतो. तळवे जमिनीत रोवलेले, मांड्या-कंबर-पोट असा सगळा खांब बाणामागे उभा असतो. कमरेखाली संवेदना नसलेल्या माणसाला हा खांब मिळत नाही. इजा किती वर आहे त्यावर पोटाचे आणि कमरेचे स्नायू किती साथ देतील ते ठरतं. धनुष्य ओढताना धड एका बाजूला जाऊ पाहतं आणि ते खांद्याच्या-पाठीच्या ताकदीवर सावरून धरावं लागतं. त्यात धनुष्याचा खालचा हात चाकाला लागू नये म्हणून खुर्ची नीट आडवी लावायची. वारा आला तर उभ्याला आणि बसलेल्याला सारखाच. आणि दिवसभर बसून राहणं हेच मुळात धोक्याचं, कारण खालून चिमटा-टोचणी काही कळत नाही. मधूनमधून हातांवर जोर देऊन अंग उचलावं लागतं, नाहीतर गुटमन ज्या जखमांशी लढले त्याच परत येतात. हे सगळं करून मग नेम.

१९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनला राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या. तिरंदाजी पहिल्यांदाच घेतली होती. नेरोली न्यूझीलंडच्या संघात होती, अपंगांच्या कुठल्या वेगळ्या गटात नाही, सगळ्यांच्या ओळीत. त्याच रेषेवर, त्याच अंतरावरून, तेवढेच बाण. शेवटचा बाण सुटल्यावर तिचे गुण झाले २३७३. उत्तर आयर्लंडच्या जॅनेट येट्सचेही गुण २३७३. २८८ बाणांनंतर बरोबरी! दोघींची सरासरी बाणामागे सव्वाआठच्या जवळ. मग काउंटबॅकने, म्हणजे दोघींच्या बाणांची प्रत पुन्हा मोजून निकाल लागला आणि सुवर्णपदक नेरोलीला मिळालं.

मला या निकालात सगळ्यात आवडतं ते हे, की इथे दयेला जागाच नव्हती. परीक्षकांनी कला बघून गुण दिले, किंवा प्रेक्षकांनी टाळ्या वाजवून जिंकवलं, असं काही नाही. कागदाला पडलेली भोकं मोजली. आपल्याकडे अपंग मुलाने दहावी पास केली तरी पेपरात फोटो येतो आणि त्याला किती टक्के पडले ते तिसऱ्या परिच्छेदात असतं. ब्रिस्बेनला आधी गुण आले.

पण माणसं म्हणजे माणसंच. ती जिंकल्यावर पत्रकारांचा प्रश्न आला की खुर्चीत बसल्यामुळे तिला फायदा झाला का. अपघात झालेल्या बाईला खुर्चीचा फायदा! तिचं त्यावरचं उत्तर इकडे अजून सांगतात. आपण कधी उभं राहून बाण मारलेलाच नाही, त्यामुळे आपल्याला सांगता येणार नाही, अशा अर्थाचं काहीतरी ती म्हणाली. चिडली नाही, रडगाणं गायलं नाही. मला हे उत्तर विनोदी वाटतं त्यापेक्षा जास्त ते काटेकोर वाटतं. तुलना करायला दोन बाजूंचा डेटा हवा, तिच्याकडे एकाच बाजूचा होता. बस्स.

दोन वर्षांनी लॉस एंजेलिस. १९८४ च्या ऑलिम्पिकमध्ये न्यूझीलंडकडून नेरोली उतरली. त्याआधी अपंग खेळाडू ऑलिम्पिकमध्ये आलेच नव्हते असं नाही. डेन्मार्कच्या लिस हार्टेलला पोलिओने गुडघ्याखाली ताकद नव्हती, तिने १९५२ मध्ये घोडेस्वारीत रौप्यपदक मिळवलं होतं. पण स्पर्धेच्या रेषेवर व्हीलचेअर आली ती नेरोलीची. तिचा नंबर ३५ वा आला.

आपल्याला पस्तिसाव्या नंबराचं काय करायचं ते कळत नाही. आपली मुलं इथे शाळेच्या संघात राखीव असली तर आपण फोनवर गावाला सांगत नाही. पण मला वाटतं, पदक नसलेला तो ३५ वा नंबरच तिच्या आयुष्यातला सगळ्यात सरळ निकाल होता. ती तिथे जगातल्या उत्तम तिरंदाजांपैकी एक म्हणून गेली, चार दिवस खेळली, आणि त्या चार दिवसांत तिच्याहून चांगल्या चौतीस जणी निघाल्या. खेळाडूला हरायचाही हक्क असतो, इतर सगळ्यांसारखा. अपंग माणसाला आपण तो देत नाही. तो एकतर बिचारा असतो, नाहीतर चमत्कार. मधलं काही नाही.

तिला एमबीई हा ब्रिटिश राजसत्तेचा किताब मिळाला. १९८८ च्या सोलच्या पॅरालिम्पिकमध्ये ती होती. आणि २००० मध्ये सिडनीत, वयाच्या ५६ व्या वर्षी, पुन्हा होती! हायडेलबर्गपासून सिडनीपर्यंत २८ वर्षं. आमच्या आयटीत चाळिशी आली की लोक निवृत्तीचे हिशेब मांडायला लागतात.

इतकी वर्षं खेळत राहायचं तर नुसती जिद्द पुरत नाही, असं मला इंजिनिअर म्हणून ठामपणे वाटतं. जिद्द हा शब्द वापरून आपण बाकीच्यांची सुटका करून घेतो. मैदानावर जायला गाडीतून उतरता यायला हवं, क्लबाच्या दारात पायरी नको, संडासाचं दार खुर्ची जाईल इतकं रुंद हवं. साधा उतार घ्या. इथल्या आणि भारतातल्याही मानकात तो १:१२ आहे, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्यांना अठरा फूट लागतात. आता पुण्या-ठाण्याच्या आपल्या सोसायटीतला उतार आठवा. पाच फुटांत तीन पायऱ्या चढवलेल्या असतात. तो मुळात स्कूटर चढवायला केलेला असतो, आणि वर पाटी लावतात की व्हीलचेअरची सोय आहे. त्यावरून स्वतःची खुर्ची स्वतः चढवून बघा एकदा. चढता येत नाही म्हणून दोन जण बोलवावे लागतात, दोन जणांची वेळ बघावी लागते, मग देवळात जायचं उद्यावर, मग पुढच्या आठवड्यावर, आणि मग घरचे म्हणतात की त्यांना बाहेर पडायला आवडतच नाही.

न्यूझीलंडही सगळं गोड आहे असं नाही. अपघाताने पाय गेले तर एसीसी पाठीशी असते, पण आजाराने किंवा जन्मापासून अपंग असाल तर दुसऱ्या खात्याच्या दारात जावं लागतं आणि तिथली मदत एवढी भरघोस नसते. दोघांची खुर्ची सारखी, गरज सारखी, कारण वेगळं. हा भेद पन्नास वर्षांनंतरही आहे. आणि आपल्यासारख्या बाहेरून आलेल्यांसाठी तर रेसिडेन्सच्या अर्जात आरोग्याची अट असते, जिच्यावर अपंग मूल असलेली कुटुंबं अडली आहेत. जो देश नेरोलीला ऑलिम्पिकला पाठवतो, तोच दारात खर्चाचा हिशेब मांडतो. हे मला खटकतं, आणि इथला नागरिक होऊनही खटकत राहील.

नेरोलीनंतर रस्ता थोडा रुळला. इटलीची पाओला फंताटो १९९६ मध्ये अटलांटाला ऑलिम्पिक आणि पॅरालिम्पिक दोन्ही खेळली. इराणची झाहरा नेमाती तर २०१६ मध्ये रिओला व्हीलचेअरवरून आपल्या देशाचा झेंडा घेऊन संचलनात पुढे होती. दोघी तिरंदाजच. आपल्या हरविंदर सिंगने २०२४ मध्ये पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये तिरंदाजीचं सुवर्ण आणलं ते तर ताजंच आहे.

स्पर्धा थांबवल्यावर नेरोली ख्राइस्टचर्चच्या तिरंदाजी क्लबात शिकवत असे. पायांवर उभ्या असलेल्या मुलांना नेम कसा धरायचा ते खुर्चीत बसलेली बाई सांगते आहे, हे चित्र मला तिच्या पदकांइतकंच आवडतं. ११ जून २००६ रोजी ख्राइस्टचर्चमध्येच तिचं निधन झालं. वय ६१.

ब्रिस्बेननंतर राष्ट्रकुल स्पर्धांतून तिरंदाजी वगळली गेली होती. ती परत आली थेट २०१० मध्ये, आपल्या दिल्लीत. तिथे महिलांच्या वैयक्तिक रिकर्व्ह प्रकारात रांचीची सोळा वर्षांची दीपिका कुमारी जिंकली. दिल्लीच्या त्या स्पर्धांपर्यंत, म्हणजे पूर्ण २८ वर्षं, राष्ट्रकुलाची तिरंदाजीतली महिला विजेती म्हणून एकच नाव नोंदलेलं होतं.